आईची पहाट, लेकाची रात्र
(ट्रॉम्बे आणि हेन्रिएटा : दोन गावांच्या वेळेचा पाठ)

१. मावशींची तक्रार

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात आमचा साक्षरतेचा वर्ग रात्री आठ वाजता भरतो. वर्गाला एक मावशी येतात. मासळी विकून त्यांनी संसार केला आणि मुलाला शिकवले. एके दिवशी त्या आल्या, पण पुस्तक उघडेनात. नुसत्याच बसून राहिल्या.

मी विचारले, "मावशी, बरे नाही का?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा मला परका झाला. दोन महिने झाले, माझा फोनच घेत नाय."

त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी मॉरिशसला गेला. मॉरिशस हे हिंदी महासागरातले एक बेट आहे. मुंबईपासून ते सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे. तिथे तो कपड्याच्या कारखान्यात काम करतो. हेन्रिएटा नावाच्या गावात एका मराठी कुटुंबाकडे भाड्याने राहतो. दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो.

"पैसे येतात गुरुजी," मावशी म्हणाल्या, "पण पैशाला काय तोंड असतं?"

"शेवटचे बोलणे झाले तेव्हा काय म्हणाला तो?"

"म्हणाला, आई, तू रात्रीचा फोन करत जाऊ नकोस. माझी झोप मोडते. मग कामावर हात चालत नाही. आता मला सांगा, मी रात्री कधी फोन केला? मी पहाटे साडेचारला करते. देवाला नमस्कार करते, मासळीची पाटी घेते आणि भाऊच्या धक्क्याला निघते. निघताना पोराचा आवाज ऐकला की दिवस बरा जातो. हा पहाटेला रात्र म्हणतो! बोलायचं नाही तर तसं सांग म्हणावं!"

मी म्हणालो, "मावशी, तुमच्याकडे साडेचार वाजतात, तेव्हा त्याच्याकडे किती वाजतात?"

"किती म्हणजे? साडेचार ते साडेचार. घड्याळ काय गावागणिक बदलतं?"

वर्ग हसला. पण खरे सांगायचे तर हसणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात तेच होते. म्हणून त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि हा धडा घेतला.

२. भरती आधी कुठे येते?

मागे एक म्हातारे तांडेल बसले होते. त्यांनी सारा जन्म होडीवर काढला. त्यांना मी विचारले, "काका, भरतीचे पाणी आधी कुलाब्याला येते की ठाण्याला?"

"कुलाब्याला. मग आपल्याकडे. खाडीतून आत ठाण्याला जाईस्तोवर आणखी उशीर."

"म्हणजे भरती दोन आहेत?"

"छे! भरती एकच. पण प्रत्येक गावाला पोचायची तिची वेळ वेगळी."

मी म्हणालो, "उजेडाचेही तसेच आहे. सूर्य एकच. पण प्रत्येक गावाला तो दिसण्याची वेळ वेगळी. पूर्वेच्या गावाला आधी दिसतो. पश्चिमेच्या गावाला नंतर."

नागपूर आपल्या पूर्वेला आहे. नागपूरला सूर्य उगवतो, त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी तो मुंबईला उगवतो. म्हणजे नागपूरचा माणूस दूध घेऊन घरी येतो, तेव्हा आपल्याकडे अजून झुंजूमुंजू असते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. भरतीत पाणी पुढे सरकते. इथे सूर्य सरकत नाही. आपली पृथ्वी स्वतःभोवती फिरते.

३. नारळ आणि बॅटरी

आम्ही एक सोललेला नारळ घेतला. ही झाली पृथ्वी. खडूने त्यावर दोन ठिपके काढले. उजवीकडचा ठिपका ट्रॉम्बे. डावीकडे थोडा खाली दुसरा ठिपका, तो हेन्रिएटा. मॉरिशस आपल्या नैर्ऋत्येला आहे, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधे.

दिवा मालवला. एकाने बॅटरी धरली. हा झाला सूर्य. तांडेलकाकांनी नारळ हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवला. पृथ्वीही अशीच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते.

आधी ट्रॉम्बेचा ठिपका उजेडात आला. हेन्रिएटाचा ठिपका तेव्हा अंधारातच होता. नारळ आणखी थोडा फिरला, तेव्हा तोही उजळला.

मावशी पुढे येऊन पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडे उजाडतं, तेव्हा माझा पोरगा अंधारात?"

"बहुतेक दिवस तसेच," मी म्हणालो.

४. थोडे गणित

पृथ्वीवर वरून खाली, म्हणजे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, ३६० रेघा आहेत असे मानतात. कलिंगडावर उभे पट्टे असतात तशा. या रेघा कोणी आखलेल्या नाहीत. त्या मनाने मानायच्या. त्यांना रेखांश म्हणतात.

पृथ्वी २४ तासांत एक फेरी पुरी करते. म्हणजे ३६० रेघा २४ तासांत सूर्यासमोरून जातात.

३६० भागिले २४ = १५.
म्हणजे एका तासात १५ रेघा.

६० मिनिटे भागिले १५ = ४.
म्हणजे एका रेघेला ४ मिनिटे.

ट्रॉम्बे जवळजवळ ७३व्या रेघेवर आहे. हेन्रिएटा ५७ आणि ५८ यांच्या मधे, साडेसत्तावन्नच्या जवळ. दोहोंत साडेपंधरा रेघांचे अंतर.

साडेपंधरा गुणिले ४ = ६२ मिनिटे.

म्हणजे आपल्या डोक्यावरचा दुपारचा सूर्य हेन्रिएटाच्या डोक्यावर यायला सुमारे एक तास लागतो.

५. मग घड्याळात दीड तास कसा?

इथे एक हुशार मुलगी उठली. ती म्हणाली, "गुरुजी, माझा भाऊ मोबाइलवर बघून सांगतो की मॉरिशस आपल्या दीड तास मागे आहे. तुमच्या गणितात तर एकच तास आला."

तिचे म्हणणे बरोबर. गणितही बरोबर. आता दोन्हींचा मेळ घालू.

प्रत्येक गावाने आपल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले तर काय होईल? नागपूरचे घड्याळ वेगळे, नाशिकचे वेगळे. गाडी कोणत्या वेळेला सुटणार? कचेरी कधी उघडणार? सारा गोंधळ होईल. म्हणून सबंध देशाने एक रेघ ठरवून घेतली. आपली रेघ साडेब्याऐंशीची. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जाते. त्या रेघेवरची वेळ ती सबंध भारताची वेळ. १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ सुरू झाली.

त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती. ती आजच्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. नवी वेळ पुष्कळ मुंबईकरांना आवडली नाही. सूर्य आमचा आणि वेळ परक्यांची का, असे त्यांना वाटे. मुंबईच्या नगरपालिकेने जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. त्या काळी शहरात दोन वेळा चालत. कोणी वेळ सांगितली की दुसरा विचारी, "कोणती? मुंबईची की स्टँडर्ड?"

आज आपण मिर्झापूरकडची वेळ पाळतो. आपण तिच्या पश्चिमेला आहोत. म्हणून आपल्या घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर आलेला नसतो. तो बहुधा पाऊण वाजायच्या सुमारास माथ्यावर येतो.

मॉरिशसनेही एक रेघ ठरवली आहे. ती साठाची. मॉरिशस त्या रेघेच्या अगदी जवळ आहे. म्हणून तिथे बारा वाजून सुमारे दहा मिनिटांनीच सूर्य माथ्यावर येतो.

आता बघा. आपले घड्याळ आपल्या सूर्याच्या सुमारे ३८ मिनिटे पुढे. त्यांचे त्यांच्या सूर्याच्या १० मिनिटे पुढे. म्हणजे आपले घड्याळ २८ मिनिटे जास्त पुढे पळते. सूर्यातला फरक ६२ मिनिटे. घड्याळातला जादा फरक २८ मिनिटे.

६२ अधिक २८ = ९० मिनिटे.
म्हणजे दीड तास.

मेळ बसला. यातला एक तास सूर्याने दिला. वरचा अर्धा तास माणसांनी ठरवला.

माणसांनी ठरवलेले माणसे बदलूही शकतात. २००८ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या मार्चपर्यंत मॉरिशसने आपली घड्याळे एक तास पुढे केली होती. उजेड जास्त वापरावा आणि वीज वाचवावी हा हेतू. तेव्हा आपला आणि त्यांचा फरक अर्ध्या तासाचाच उरला होता. पण पुढे त्यांनी ती रीत सोडून दिली.

६. हेन्रिएटा गाव

मावशींचा मुलगा परक्या मुलखात गेला, पण तिथे त्याला मराठी घर कसे मिळाले? याची हकीगत जुनी आहे.

मॉरिशसमध्ये उसाचे मोठे मळे. आधी तिथे गुलामांकडून काम करून घेत. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळ्यांना माणसे हवी होती. म्हणून हिंदुस्थानातून कराराने मजूर नेऊ लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी अ‍ॅटलस नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात पोचले. पुढे मुंबईहूनही जहाजे गेली. त्यांत रत्नागिरीकडची, आजच्या सिंधुदुर्गाकडची मराठी माणसे होती.

बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. करारात काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगायचे आणि यांनी मान डोलवायची. पाच वर्षांनी परत येऊ म्हणून गेलेले कित्येक जण परत आलेच नाहीत. घरी पत्र लिहिता येईना. घरच्यांना वाचता येईना. वाट पाहून पाहून नाती तुटली.

ज्या घाटावर ही माणसे उतरली, त्याला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तो जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. त्या मजुरांची नावनिशी आणि कित्येकांचे फोटो मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. आपले पूर्वज कोणत्या गावचे, हे नातवंडे-पणतवंडे आज तिथे शोधतात.

हेन्रिएटा हे बेटाच्या उंच मधल्या भागातले लहान गाव. वाक्वा शहराच्या जवळ. भोवती ऊस. जवळच एक मोठा धबधबा सात टप्प्यांनी खाली पडतो. १८९६ साली याच गावात एका मराठी कुटुंबाने गणपती बसवला, आणि मॉरिशसमधला हा पहिला गणेशोत्सव, असे तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला सबंध मॉरिशस देशात सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात. ते तिला झाकरी म्हणतात.

या लोकांची घरातली बोली आता क्रिओल आहे. मराठी मुले शाळेत शिकतात. पैशाला मात्र तिथेही रुपया म्हणतात. तो रुपया त्यांचा वेगळा.

आपले ट्रॉम्बे खाडीकाठी. खारफुटी, होड्या, जाळी, सुकत टाकलेली मासळी. शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्र. हेन्रिएटाला समुद्र दारात नाही. तिथे दिवस उसाच्या कामावर आणि जवळच्या शहरातल्या नोकरीवर चालतो. पण भाद्रपदात दोन्ही गावांत गणपतीची आरती होते. आपली संध्याकाळची साडेसातची आरती सुरू होते, तेव्हा हेन्रिएटाच्या घड्याळात सहा वाजलेले असतात.

७. ऋतूही उलटे

मॉरिशस पृथ्वीच्या दक्षिण भागात आहे. म्हणून तिथले ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू होतो, तेव्हा तिथे थंडी. आपल्याकडे डिसेंबरात थंडी, तेव्हा तिथे उन्हाळा. उसाची तोड साधारण जून ते डिसेंबर चालते. जानेवारीपासून मार्चपर्यंत वादळांची धास्ती असते.

यामुळे एक गंमत होते. ती कोष्टकात पाहा. सर्व वेळा सुमाराच्या आहेत, आणि ज्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत.

जूनचा शेवटचा आठवडा
ट्रॉम्बे : सूर्य उगवतो ६ वाजता, मावळतो ७ वाजून २० मिनिटांनी.
हेन्रिएटा : सूर्य उगवतो पावणेसातला, मावळतो ५ वाजून ४० मिनिटांनी.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा
ट्रॉम्बे : सूर्य उगवतो ७ वाजून १० मिनिटांनी, मावळतो ६ वाजून १० मिनिटांनी.
हेन्रिएटा : सूर्य उगवतो साडेपाचला, मावळतो ६ वाजून ५० मिनिटांनी.

हेन्रिएटाच्या वेळेत दीड तास मिळवून पाहा. डिसेंबरात त्यांचे साडेपाच म्हणजे आपले सात. म्हणजे डिसेंबरात दोन्ही गावांत सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवतो! आणि जूनमध्ये त्यांचे पाच-चाळीस म्हणजे आपले सात-दहा. म्हणजे जूनमध्ये सूर्य दोन्ही गावांत जवळजवळ एकाच वेळी मावळतो. म्हणून मी मावशींना वर "बहुतेक दिवस" म्हणालो होतो.

८. दोन घड्याळे

आता मावशींचे गणित. ते त्यांनीच फळ्यावर मांडले. अक्षर वाकडे होते, पण आकडे बरोबर होते.

पहाटे साडेचार वजा दीड तास = रात्रीचे तीन.

मावशी खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मुलाची पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. घरी येऊन जेवून झोपायला त्याला बारा वाजत. तीन वाजता, म्हणजे डोळा लागून तीन तास होतात न होतात तोच, आईचा फोन.

"म्हणजे तो खरं बोलत होता," त्या म्हणाल्या.

"तो खरे बोलत होता," मी म्हणालो, "आणि तुम्हीही खरे बोलत होता. तुमची पहाटच होती. त्याची रात्रच होती."

मग सगळ्या वर्गाने मिळून दोघांना सोयीची वेळ शोधली.

सकाळी साडेनऊ. त्याचे आठ वाजलेले. तो उठलेला, पण मावशी बाजारात गिऱ्हाइकांच्या गर्दीत.
दुपारी एक. त्याचे साडेअकरा. तो जेवण रांधून मोकळा. मावशीही घरी आलेल्या.
रात्री आठ. त्याचे साडेसहा. तो कामावर, मावशी वर्गात.

दुपारी एकची वेळ ठरली. मावशींनी पुठ्ठ्याचे एक घड्याळ केले आणि घरच्या घड्याळाशेजारी टांगले. खाली स्वतःच्या हाताने मुलाचे नाव लिहिले. पुठ्ठ्याचे काटे चालत नाहीत. पण दीड तास मागे हे त्यावरून त्यांना आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांनी फोन लावला. दुसऱ्या घंटेला त्याने उचलला.

"आई, तू? दिवसा?"

"दिवसा. तुझ्याकडे साडेअकरा वाजलेत. मी हिशेब केला."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "रात्री तीनला फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, घरी कोणी गेलं. मग झोप यायची नाही. म्हणून मी रात्री फोन बंद ठेवायला लागलो. मला वाटलं, तुला वेळेचा फरक ठाऊक आहे, पण तू ऐकत नाहीस. मलाही राग आला होता."

चूक कोणाची? आईला फरक ठाऊक नव्हता. मुलाला ठाऊक होता, पण त्याने तो समजावून सांगितला नाही. "रात्री फोन करू नकोस" एवढेच म्हणाला. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे. ज्याला ठाऊक नाही त्याने विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. दोन महिने मनात कुढत बसण्यापेक्षा ते बरे.

दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून गेलेल्यांच्या आया अशाच वाट पाहत बसल्या. त्यांच्याजवळ फोन नव्हता आणि अक्षरही नव्हते. आपल्याजवळ फोन आहे. आता अक्षर आणि आकडाही आहे. तिन्ही मिळून वापरू.

परवा जूनच्या शेवटी पाऊस थोडा थांबला होता. दिवेलागणीला मी कोळीवाड्यातून चाललो होतो. मावशी दारात दिवा लावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "गुरुजी, आता त्या घरची मालकीणही दिवा लावत असंल, नाय का? तिचे पावणेसहा झाले असतील."

मी मनाशी हिशेब केला. तो बरोबर होता.

शब्दांचे अर्थ

तांडेल : होडीचा मुख्य, खलाशांचा पुढारी.
झुंजूमुंजू : पहाटेचा अंधूक उजेड.
रेखांश : पृथ्वीवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मानलेली उभी रेघ.
करार : दोघांनी मान्य केलेला लेखी बोल.
दिवेलागण : संध्याकाळी दिवा लावण्याची वेळ.

करून पाहा

उघड्या जागी एक सरळ काठी रोवा. दुपारी बारापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सावली सर्वांत लहान केव्हा झाली ते घड्याळात पाहा. तीच तुमच्या गावची खरी दुपार. (पावसाळ्यात हा प्रयोग होणार नाही.)

प्रश्न

१. ट्रॉम्बेला सकाळचे दहा वाजले. हेन्रिएटाला किती वाजले?
२. हेन्रिएटाला रात्रीचे नऊ वाजले. ट्रॉम्बेला किती वाजले?
३. ट्रॉम्बेला मंगळवार लागून रात्रीचा एक वाजला. हेन्रिएटाला कोणता वार आणि किती वाजले?
४. समजा, मुंबईहून विमान सकाळी सहाला निघाले आणि सहा तासांनी मॉरिशसला उतरले. उतरताना तिथल्या घड्याळात किती वाजले असतील?
५. तुमच्या घरचे कोणी दूर देशी आहे काय? त्यांचे घड्याळ आपल्या पुढे की मागे, ते विचारून वहीत लिहा.

उत्तरे : १. सकाळचे साडेआठ. २. रात्रीचे साडेदहा. ३. सोमवार, रात्रीचे साडेअकरा. ४. सकाळचे साडेदहा.